तेरावर अडकलेला आकडा

मे महिन्यातली रात्र, साडेअकरा वाजून गेले होते. वसईच्या दमट हवेत पान हलत नव्हतं. आतल्या खोलीतून आई म्हणाली, “अगं, मिक्सर चालू राहिलाय का कुठे?”

मिक्सर नव्हता. टेबलावर माझा लॅपटॉप होता आणि त्यावर एकही काम चालू नव्हतं. फाइली बंद, ब्राउझर बंद, पडद्यावर वसईच्या किल्ल्याचा फोटो तेवढा. तरी आतला पंखा जीव तोडून फिरत होता. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवलं तर चटका बसेल इतकी ऊब. चार दिवस हेच चाललं होतं. स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला, तेव्हा तिथल्या मुलाने पंखा उघडून त्यातून करड्या नमद्यासारखा धुळीचा थर काढून दाखवला. समुद्रकाठच्या ओल्या हवेत धूळ अशीच चिकटून बसते. पण पंखा साफ करूनही आवाज थांबेना. तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल.” सगळं पुसून पहिल्यापासून मांडायचं. मला ते पटेना. घरात वास येतोय म्हणून कुणी घर पाडत नाही, आधी वास कुठून येतो ते शोधतं. त्या रात्री मी शोधायला बसले, आणि जे सापडलं त्याने मला अजून झपाटलेलं आहे.

आधी लॅपटॉपच्या प्रोसेसरची गती मनात नीट उतरायला हवी. साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर तीन गिगाहर्ट्‌झचा असतो, असं आपण सहज बोलून जातो. याचा अर्थ, त्याच्या आतलं घड्याळ एका सेकंदात तीनशे कोटी ठोके देतं. प्रकाशाहून वेगवान काही नाही. तो प्रकाश या दोन ठोक्यांच्या मध्ये जेमतेम दहा सेंटीमीटर जातो, म्हणजे अर्धी वीत. दिव्यापासून माझ्या पुस्तकापर्यंत उजेड पोचायच्या आत प्रोसेसरचे चार-पाच ठोके होऊन गेलेले असतात.

इतका वेगवान कामगार असला तरी त्याच्यापुढची रांगही लांब असते. मी काहीच करत नसते तेव्हाही माझ्या लॅपटॉपवर दोनशेच्या आसपास कामं जागी असतात. कुणी वायफाय सांभाळतं, कुणी व्हायरस शोधतं, कुणी बॅटरी मोजतं, कुणी फाइलींची सूची करतं. या सगळ्यांना प्रोसेसरचा वेळ वाटून देण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. विंडोजमध्ये एरवी सेकंदाला ६४ वेळा एक ठोका पडतो आणि प्रत्येक ठोक्याला हिशेब पाहिला जातो: आत्ता कुणाची पाळी, कुणाची संपली, कुणाला पुढे काढायचं. वसईकरांना हे वेगळं समजावायची गरजच नाही. वसई रोडला विरारची लोकल, गुजरातकडची मेल आणि दिव्याहून जूचंद्रमार्गे येणारी मालगाडी, सगळ्यांचे रूळ एकमेकांत मिसळतात. लोकलची वेळ झाली की मालगाडी सिग्नलला उभी राहते. तिला कुणी हाकलून देत नाही, पण तिचा मान नंतरचा. संगणकात पडद्यामागे चालणारी कामं बहुतेक अशा मालगाड्या असतात. रिकामा रूळ मिळाला की पुढे सरकायचं, मिळाला नाही तर थांबायचं.

मग माझ्या लॅपटॉपवर कोण थांबायला तयार नव्हतं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘डिटेल्स’ भागात कामांची यादी असते आणि सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर टिचकी मारली की सर्वांत खादाड काम वर येतं. माझ्याकडे सर्वांत वर आलं ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’, आकडा ८४. पुष्कळ जण इथेच दचकतात. चौऱ्याऐंशी टक्के खाणारा चोर सापडला, असं वाटतं. पण ते कामच नव्हे. ती रिकामपणाची नोंद आहे. प्रोसेसरचा चौऱ्याऐंशी टक्के वेळ कुणालाच नको आहे, एवढाच त्याचा अर्थ. रिकाम्या वेळेलाही यादीत नाव देऊन बसवलंय, ही कल्पना मला फार आवडते. शिवाय प्रोसेसर तेव्हा खरोखर झोपतो. ‘थांब’ अशी त्याला एक मूळ आज्ञाच आहे. ती मिळाली की त्या भागाची धडधड मंदावते, वीज वाचते आणि तो गार होतो.

त्या खालच्या ओळीत आकडा होता १३. पाहत राहिले. बाकीचे आकडे १, ०, २, ० असे हलत होते. हा मात्र १२ आणि १३ यांच्यामध्ये खिळून बसला होता. मिनिट झालं, पाच मिनिटं झाली, तरी तेरा.

या तेराचं कोडं सुटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये कामाच्या आठ मार्गिका आहेत. शंभराला आठाने भागलं तर साडेबारा येतात. टास्क मॅनेजर अपूर्णांक दाखवत नाही म्हणून कधी १२, कधी १३. म्हणजे कुणीतरी आठांपैकी एक अख्खी मार्गिका क्षणभरही न सोडता धरून बसलं होतं. खरं काम असं नसतं. खरं काम चढतं, उतरतं, डिस्कसाठी थांबतं, नेटसाठी थांबतं. न हलणारा साडेबाराचा आकडा म्हणजे एकाच फेऱ्यात गरगर फिरत असलेल्या प्रोग्रॅमचा ठसाच. तुमच्याकडे चार मार्गिका असतील तर हाच ठसा २५ दिसेल. लिनक्स आणि मॅकवर हिशेब वेगळा आहे. तिथे एक मार्गिका म्हणजेच शंभर धरतात, म्हणून तिथे तो १०० दिसतो.

त्याच यादीत ‘सीपीयू टाइम’ नावाचा आणखी एक रकाना मागवता येतो. कुठल्या कामाने आजवर प्रोसेसरचा एकूण किती वेळ घेतला, ते त्यात दिसतं. मी लॅपटॉप बरेच दिवस पूर्ण बंद केला नव्हता, नुसता मिटून ठेवत होते. बाकीच्यांचे आकडे मिनिटांत होते. या एकाचा आकडा होता ३८ तास.

आणि त्याचं नाव? माझ्या जुन्या प्रिंटरबरोबर आलेला एक छोटासा मदतनीस. कागद संपला, शाई संपत आली, असं सांगायचं, एवढंच त्याचं काम. तो प्रिंटर मी आदल्या रविवारी आगाशीला बहिणीच्या मुलांसाठी देऊन टाकला होता.

प्रिंटर जाण्याचं आणि पंख्याच्या आवाजाचं नातं तोवर मी लावलंच नव्हतं. आता लागलं. प्रिंटर असताना हा विचारायचा, “आहेस का? कसा आहेस?” प्रिंटर सावकाश उत्तर द्यायचा, तेवढा वेळ हा गप्प बसायचा. मग पुन्हा प्रश्न. त्याची सगळी विश्रांती प्रिंटरच्या उत्तराला लागणाऱ्या वेळात होती. प्रिंटर गेला आणि उत्तर क्षणात यायला लागलं, “नाही.” नकार मिळाल्यावर जरा दम धर, दोन सेकंदांनी विचार, ही ओळ लिहिणाऱ्याकडून राहून गेली होती. म्हणून तो लगेच पुन्हा विचारायचा. आहे का? नाही. आहे का? नाही. एका प्रश्नोत्तराला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो असं धरलं, तरी सेकंदाला दहा लाख वेळा. तिकडे आगाशीला तो प्रिंटर पोरांचे प्रकल्प छापत होता आणि इकडे हा त्याला हाका मारत होता.

त्या रात्री मला कळलं ते असं: संगणकात सर्वांत जास्त राबणारा प्रोग्रॅम पुष्कळदा काहीच काम करत नसतो. तो कशाची तरी वाट पाहत असतो. आणि वाट कशी पाहायची, हे त्याला शिकवायचं राहून गेलेलं असतं.

वाट पाहण्याचे दोन प्रकार फलाटावर रोज दिसतात. एक माणूस दर क्षणाला कडेशी जाऊन, वाकून, गाडी दिसते का पाहतो. दुसरा बाकावर बसतो, पेपर उघडतो. घोषणा झाली की उठतो. दोघांना गाडी एकाच वेळी मिळते. संगणकातही हे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रोग्रॅम सतत विचारत राहतो. दुसऱ्यात तो झोपी जातो आणि कळ दाबली, डेटा आला, वेळ भरली, की यंत्रच त्याला हलवून उठवतं. या हलवण्याला इंटरप्ट म्हणतात. चांगला लिहिलेला प्रोग्रॅम आयुष्याचा बहुतेक काळ झोपेतच घालवतो.

मी तो मदतनीस निवडून ‘एंड टास्क’ केलं. पंखा मंदावला. मिनिटभराने तो परत आला, तेराचा आकडा घेऊन. पुन्हा मारला, पुन्हा आला. त्याच्यामागे आणखी एक सेवा बसली होती. मदतनीस पडला तर त्याला उठवून उभं करायचं, एवढंच तिचं काम. मग सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन आधी तिला थांबवलं, नंतर प्रिंटरचं सगळं सॉफ्टवेअरच काढून टाकलं, तेव्हा तो गेला.

पडद्यामागे बसून राखण करणाऱ्या अशा प्रोग्रॅमना युनिक्सच्या जगात ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द संगणकात आला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, १९६३ च्या सुमारास, आयबीएम ७०९४ या यंत्रावर काम करणाऱ्या फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाकडून. त्यांनी तो उचलला भौतिकशास्त्रातून. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एक अदृश्य चिमुकला द्वारपाल कल्पिला होता. दोन खोल्यांच्या मधल्या दारात बसून तो वेगवान रेणू एकीकडे आणि मंद रेणू दुसरीकडे सोडतो, अखंड आणि न थकता. ती कल्पना मॅक्सवेलने एका मित्राला पत्रातून कळवली १८६७ च्या डिसेंबरात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला जाणारी पहिली लोकल वसईवरून धावली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण त्या एकाच वर्षातल्या आहेत हे कळल्यापासून लोकलमध्ये बसलं की मला तो द्वारपाल आठवतो.

डीमन म्हणजे भूत, असं भाषांतर कुणी केलं की मला खटकतं. मूळ ग्रीक शब्दात वाईटपणा नाही. माणसाबरोबर वावरणारी न दिसणारी शक्ती, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे. तळकोकणात गावाच्या वेशीवर, बागेत, वाटेवर राखणदार असतो. तो दिसत नाही, रात्री फेरी मारतो, गावाला जपतो. त्याचं देणं दिलं नाही तर बिघडतो, अशी श्रद्धा. संगणकाचे डीमन हे राखणदारच. माझा राखणदार बिघडला, कारण ज्याची राखण करायची तेच मी दुसऱ्या गावाला देऊन टाकलं आणि त्याला सांगायचं राहिलं.

एके काळी यंत्रात राखणदारांना जागाच नव्हती. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच माणसांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, स्मृती २,०४८ शब्दांची, आणि तो एका वेळी एकच गणित करायचा. ते संपलं की दुसरं. एकाच यंत्रावर अनेक कामं एकदम ठेवायची, ही सोय नंतर आली आणि तिच्यामागून हा घोटाळाही आला.

या घोटाळ्याची सर्वांत थरारक गोष्ट चंद्रावर उतरताना घडली. २१ जुलै १९६९, आपल्या घड्याळात रात्रीचा पाऊण ते दोनच्या मधला काळ. अपोलो ११ चं यान नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांना घेऊन चंद्राकडे उतरत होतं. यानाच्या संगणकाची बदलती स्मृतीही २,०४८ शब्दांचीच होती, आणि ते शब्द टिफ्रॅकच्या शब्दांहून आखूड. यान किती उंचीवर आहे, वेग किती, इंजिन किती चालवायचं, हे गणित त्याला दर दोन सेकंदांनी पुरं करायचं होतं. अचानक पडद्यावर आकडा आला: १२०२. म्हणजे कामं जास्त झाली, जागा उरली नाही.

कुठलं काम जास्त झालं होतं? वर फिरत असलेल्या मुख्य यानाला परत जाऊन गाठण्यासाठी एक रडार होतं. उतरताना त्याची गरज नव्हती, पण त्याचा स्विच अशा स्थितीत होता की ते संगणकाशी जोडलेलं राहिलं. रडारची वीज आणि संगणकाकडच्या मोजणीची वीज दोन्ही एकाच वारंवारतेच्या होत्या, पण त्यांची लय एकमेकींशी बांधलेली नव्हती. त्यामुळे रडारचा कोन जागचा हलत नसतानाही संगणकाला तो थरथरताना दिसे. दोन कोनांचे मिळून सेकंदाला १२,८०० पर्यंत खोटे ठोके त्याच्यावर येऊन आदळत होते. प्रत्येक ठोका मोजायला सेकंदाचा एक लाखावा भाग आणि वर थोडासा. गुणाकार केला तर संगणकाचा सुमारे १५ टक्के वेळ. चंद्रावर उतरणाऱ्या यानात पंधरा, माझ्या टेबलावर साडेबारा. दोन्हीकडे दुखणं एकच: नसलेल्या गोष्टीची अखंड मोजणी.

तरी यान पडलं नाही. संगणकाची कामवाटप व्यवस्था हॅल लॅनिंग यांनी रचली होती आणि मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली त्याचं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं होतं. त्या मंडळींनी आधीच ठरवून ठेवलं होतं की भार पेलवेनासा झाला तर यंत्राने सगळं खाली टाकायचं, क्षणात पुन्हा उभं राहायचं आणि फक्त महत्त्वाची कामं जिथे सोडली तिथून उचलायची. उतरण्याचं गणित उचललं गेलं, बिनमहत्त्वाचं गळून पडलं. चार वेळा १२०२ आणि एकदा १२०१, असे पाच इशारे आले. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात चोवीस वर्षांच्या जॅक गार्मन या इंजिनिअरने अशा इशाऱ्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून जवळ ठेवली होती. तो म्हणाला, पुढे जा. सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्सने तोच निर्णय दिला. एक वाजून ४७ मिनिटांनी यान टेकलं. हे वाचताना प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

सगळेच भार असे निष्पाप नसतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारा एक प्रोग्रॅम नेटवर्कवर सोडला. यंत्रात आपली प्रत आधीच आहे का, असं तो विचारायचा. पण कुणी खोटंच ‘आहे’ म्हणून हाकलेल, या धास्तीने सात वेळांतून एकदा उत्तर काहीही आलं तरी आत राहायचं, असं त्यात लिहिलं होतं. तो सातातला एक भोवला. एकेका यंत्रात प्रतींवर प्रती साचल्या, सुमारे सहा हजार संगणक लोळले, आणि त्या भारामुळेच तो उघडकीला आला. अलीकडचे चोर दुसऱ्याच्या यंत्रात शिरून त्याच्या विजेवर कूटचलनाची गणितं करून घेतात. मुंबईतल्या आदित्य बिर्ला समूहाच्या दोन हजारांहून जास्त संगणकांत अशी घुसखोरी झाल्याची बातमी २०१८ साली आली होती. कुठलीही फाइल जात नाही, पैसे जात नाहीत. फक्त यंत्र तापतं.

तापण्याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. प्रोसेसरमध्ये गेलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. म्हणून आठांपैकी एकच मार्गिका पूर्ण वेगाने धावली तरी पातळ लॅपटॉप भाजून निघतो. आतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, आणि मग आपलं साधं टंकलेखनही अडखळायला लागतं. मे महिन्यात वसईत हे लवकर घडतं, कारण पंख्याला आत ओढायला गार हवाच नसते.

तुमच्या यंत्राचा पंखा विनाकारण ओरडत असेल तर लगेच सगळं पुसायला निघू नका. यादी उघडा आणि दहा मिनिटं नुसती पाहा. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम, फाइलींची सूची करणारा, अपडेट उतरवणारा, हे अधूनमधून खरंच राबतात आणि काम संपलं की शांत होतात. त्यांना मारू नका. रात्रभर यंत्र चालू ठेवा, सकाळपर्यंत बहुतेक वेळा आकडा उतरलेला असतो. संशय घ्यायचा तो न हलणाऱ्या आकड्याचा. त्याच्या नावावर उजवी टिचकी मारून फाइल कुठे ठेवली आहे ते पाहा, जागेवरून मालक कळतो. आणि स्वतःला विचारा की हे सुरू झालं त्या दिवशी घरात काय बदललं. कुठलं उपकरण काढलं, कुठला प्रोग्रॅम घातला, कुठला पासवर्ड बदलला. जुन्या पासवर्डाने पुन्हा पुन्हा दार ठोठावणारे प्रोग्रॅमही मी नंतर पाहिले. ओळखीचं कारण सापडलं नाही आणि फाइल भलत्याच फोल्डरात असली, तर मात्र नेट तोडा आणि जाणकाराकडे जा.

आता टास्क मॅनेजरमध्ये रिकामपणाचा आकडा ९७ आहे. हे लिहिताना पंखा ऐकू येत नाही. मी सेकंदाला साधारण चार अक्षरं टाइप करते. ‘वसई’ लिहिताना ‘व’ आणि ‘स’ यांच्यामध्ये माझं बोट पाव सेकंद हवेत असतं. प्रोसेसरच्या घड्याळात तो काळ पाऊणशे कोटी ठोक्यांचा आहे. त्यातला अगदी थोडा भाग ‘व’ पडद्यावर उमटवण्यात जातो. उरलेला सगळा वेळ तो ‘स’ची वाट पाहत झोपून काढतो.